इंग्रजी अमलात यंत्रांवर आणि रेल्वेवर सरकारची नजर होती, ती नक्की कुणासाठी?

गोदाकाठ

सोसायटीच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. नाशिकच्या अंबडला एका शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या पोराची बोटं गेली, त्या बातमीखाली एका ज्येष्ठांनी नेहमीचं वाक्य टाकलं: "ब्रिटिशांच्या काळात असलं खपवून घेत नसत." भराभर अंगठे पडले. मला ते पटेना, पण ग्रुपवर लांब लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून इथे धागा काढतोय.

मला जेवढं ठाऊक आहे तेवढं आधी मांडतो. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे सगळ्यांनी शाळेत घोकलंय. त्याच्या चार वर्षं आधी, १८४९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेशी करार केला. भांडवल लंडनच्या भागधारकांचं, जमीन फुकट, आणि पाच टक्के व्याजाची हमी सरकारची. रेल्वे बुडाली तरी भागधारकाचे पाच टक्के पक्के, आणि ते जाणार इथल्या शेतसाऱ्यातून. एवढी हमी दिल्यावर सरकारने आपला माणूस बसवला. त्याला कन्सल्टिंग इंजिनिअर म्हणत, बहुधा लष्करातला इंजिनिअर. नकाशा, पूल, रूळ, खर्चाचा अंदाज, सगळ्यावर त्याची मंजुरी लागे. म्हणजे रेल्वेवर पहिला सरकारी पहारा बसला तो तिजोरीपायी.

कारखान्यांचं काय? कसारा घाटातून गाडी सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला. यंत्राला कुंपण घाला असं सांगणारा पहिला कारखाने कायदा आला १८८१ मध्ये. मधली सोळा वर्षं मुंबईत गिरण्या धडाधड उभ्या राहत होत्या. आणि "त्यांना तरी कुठे माहीत होतं" असंही म्हणता येत नाही, कारण विलायतेत कारखाना निरीक्षक १८३३ पासून होते आणि रेल्वे निरीक्षक १८४० पासून. घरी जे होतं ते वसाहतीत आणायला इतका वेळ का लागला?

रेल्वेतले, एमआयडीसीतले, कायद्यातले लोक इथे आहेत. लिहा.

मिसळप्रेमी

जागा धरून ठेवतो. इगतपुरीच्या काकांना कुणीतरी हाक मारा.

जुनं_ते_सोनं

गोदाकाठ, तुमचा रोख कळला. पण एक सांगा, घाटातले त्यांचे दगडी पूल आणि बोगदे दीडशे वर्षं उभे आहेत. आपले उड्डाणपूल उद्घाटनाच्या फिती वाळायच्या आत खड्ड्यात जातात. कुणीतरी नीट तपासत होतं म्हणूनच ना?

कायदेकानू

काका, जे उभे आहेत तेच आपल्याला दिसतात. पडलेले दिसत नाहीत, कारण त्यांच्या जागी नवे बांधले.

भोर घाटात माऊकी मळीचा मोठा दगडी पूल होता, मोठमोठ्या कमानींचा. घाट खुला झाला १८६३ ला आणि १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, तो पूल कोसळला. नशिबाने वर गाडी नव्हती. मग चौकशी, मग जीआयपीच्या इतर दगडी पुलांचीही तपासणी, आणि त्यातले बरेच पुन्हा बांधायची वेळ आली. बाहेरून घडीव दगड, आत निकृष्ट भराव. या सगळ्यावर सरकारी कन्सल्टिंग इंजिनिअरची सही होती बरं का. मंजुरीचा कागद आणि प्रत्यक्ष भिंतीतला चुना यांच्यात किती अंतर असतं ते तेव्हाही तेवढंच होतं.

जुनं_ते_सोनं

एक पूल पडला म्हणून सगळं वाईट होत नाही. चौकशी तर झाली ना? आज चौकशीचा अहवाल कधी हाती लागतो का?

घाटवाला

हाक ऐकली. इगतपुरीत हयात गेली, निवृत्त आहे, आता वेळच वेळ आहे.

आधी घाट समजून घ्या. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना नऊ-सव्वानऊ मैलांत सुमारे ९७० फूट चढ. चढण ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. लोक खिडकीतून चढाचं कौतुक करतात, पण ड्रायव्हरची झोप उडवतो तो उतार. इगतपुरीहून मुंबईकडे निघालेली गाडी ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय हलत नाही. आणि घाटात कॅच सायडिंग आहेत: रुळांचे काटे कायम त्या सायडिंगकडेच लावलेले. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने थांबून दाखवलं की मगच मेन लाईन मिळते. ताब्यात नसेल तर गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन आपटेल, पण दरीत जाणार नाही.

या गोष्टी कुणा साहेबाला रात्री स्वप्नात सुचल्या नाहीत. सुरुवातीला दोन्ही घाटांत रिव्हर्सिंग स्टेशनं होती. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन फिरवून उलट दिशेने निघायची. जानेवारी १८६९ मध्ये भोर घाटात उतरणारी गाडी त्या टोकाला थांबलीच नाही. माणसं गेली. रेल्वेच्या जनरल रूल्समधला एकेक नियम असा रक्ताने लिहिलाय, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगायचे.

१८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत खालून रूळ आले आणि वर इगतपुरी ते नाशिकही त्याच साली सुरू झालं. मध्ये घाट बंद. चार वर्षं लोक खाली उतरून घाट रस्त्याने चढायचे आणि वर दुसरी गाडी धरायचे. म्हणजे नाशिकला आगगाडी आली तेव्हा ती मुंबईला जोडलेलीच नव्हती. मग वरची इंजिनं आणि डबे कसे चढवले असतील याचा विचार करा. तो घाट ज्यांनी चढवला त्या बिगाऱ्यांच्या सुरक्षेची नोंद मला कुठे सापडली नाही. साहेबांच्या नावाच्या पाट्या मात्र सापडतात.

सिन्नरकर

काका 🙏 वरचा परिच्छेद ग्रुपवर ढकलू का?

घाटवाला

ढकला. नाव नको.

कायदेकानू

बिगाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर. भोर घाटाच्या कामावर १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे खंडाळ्याजवळ दंगा झाला. ठेकेदाराच्या हाताखालचे मुकादम मजुरी मध्येच गिळायचे. सरकारने चौकशी केली आणि १८६० चा कायदा क्रमांक ९ केला: रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कायद्यात काम अर्धवट सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही सोय होती. अंगावर दरड कोसळू नये, सुरुंग उडताना माणूस लांब असावा, याबद्दल त्यात काही नाही. काम अडू नये एवढीच काळजी.

आता रेल्वे कायदे. पहिला १८५४, मग १८७९, मग १८९० चा कायदा क्रमांक ९. हा शेवटचा आपल्याकडे १९८९ चा कायदा येईपर्यंत चालला, म्हणजे राजीव गांधींच्या काळातली गाडीसुद्धा व्हिक्टोरिया राणीच्या कायद्यावर धावत होती. त्याचं दुसरं प्रकरण सगळं तपासणीबद्दल आहे. सरकारने निरीक्षक नेमायचे. नवी लाईन प्रवाशांसाठी खुली करण्याजोगी आहे का ते त्यांनी ठरवायचं, वेळोवेळी तपासायचं, अपघाताची चौकशी करायची. त्यांना कुठेही शिरून मोजमाप घ्यायचा अधिकार. कलम ८३ खाली जीवितहानी किंवा जबर दुखापतीचा अपघात झाला की कंपनीने प्रांतिक सरकारला आणि निरीक्षकाला कळवायचं, आणि जवळच्या स्टेशन मास्तरने जिल्हा मॅजिस्ट्रेटला आणि पोलिसांना.

कागदावर हे उत्तम आहे, जुनं_ते_सोनं काकांना मी पूर्ण गुण देते. फक्त शिक्षांचं प्रकरण शेजारी ठेवून वाचा. कलम १०१: ड्यूटीवरच्या रेल्वे नोकराने नियम मोडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपनीने आपली कर्तव्यं टाळली तर रोजागणिक ठराविक रुपयांचा दंड. ड्रायव्हर तुरुंगात आणि कंपनी पावती फाडून मोकळी.

घाटवाला

ताई, कलम १०१ आमच्या पिढीलाही तोंडपाठ होतं. सिग्नल पाहण्याआधी ते आठवायचं.

जुनं_ते_सोनं

म्हणजे निरीक्षक होते, अधिकार होते, कायदा होता. मग धाग्याचा मुद्दा काय उरला?

गोदाकाठ

मुद्दा असा की निरीक्षक कुणाचं मीठ खातो.

जोवर रेल्वे खासगी कंपनीची होती तोवर सरकारी निरीक्षक हा निदान बाहेरचा माणूस होता. कन्सल्टिंग इंजिनिअरांनाच पुढे सरकारी निरीक्षक म्हणू लागले आणि १८८३ मध्ये त्या पदाला कायद्याने मान्यता मिळाली. पण १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड आलं आणि तपासणी खातं त्याच्या हाताखाली गेलं. जीआयपी सरकारने १९०० मध्ये विकत घेतली होती, १९२५ मध्ये कारभारही स्वतःकडे घेतला. आता गाडी चालवणारं बोर्ड, नियम करणारं बोर्ड, आणि "तू नीट चालवतोस का" असं विचारणाराही बोर्डाचाच नोकर. त्याची बढती कुणाच्या हातात? बोर्डाच्या.

हे चुकतंय हे त्यांनाही कळत होतं. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायद्यात स्वच्छ म्हटलंय की सुरक्षेचं काम रेल्वे चालवणाऱ्यांपासून वेगळ्या यंत्रणेकडे असावं. १९३९ मध्ये विलायतेच्या रेल्वे तपासणी खात्याचे प्रमुख माउंट यांच्या समितीनेही तेच सांगितलं. शेवटी मे १९४१ मध्ये तपासणी खातं बोर्डापासून तोडलं आणि टपाल व हवाई खात्याला जोडलं. म्हणजे १९०५ ते १९४१ ही छत्तीस वर्षं कुंपण आणि शेत एकाच मालकाचं होतं. ज्याला आपण "ब्रिटिशांची शिस्त" म्हणतो त्यातला मोठा काळ हाच.

मिसळप्रेमी

थांबा थांबा. म्हणून रेल्वे सुरक्षा आयुक्त आजही विमान खात्याखाली येतात काय? मी इतकी वर्षं ती छापखान्याची चूक समजत होतो.

घाटवाला

तेच कारण. १९६१ पासून आयोग म्हणतात, मुख्यालय लखनौला, खातं नागरी विमान वाहतूक. नवी लाईन, नवं विद्युतीकरण, काहीही असो, सीआरएस (म्हणजे हेच आयुक्त) येऊन बघून गेल्याशिवाय प्रवासी गाडी जात नाही. ते येणार म्हटल्यावर आमच्या डीआरएमसाहेबांच्या (विभागाच्या प्रमुखांच्या) चेहऱ्यावर जो भाव यायचा तो त्यांच्या स्वतःच्या वरिष्ठांसमोरही कधी पाहिला नाही. बाहेरचा माणूस तो बाहेरचा.

पंचवटीकर

अवांतर: नाशिकच्या ट्रामला कुणाचा परवाना होता? आजोबा सांगायचे की मेन रोडवरून नाशिक रोडपर्यंत ट्राम जायची आणि घोडे ओढायचे.

गोदाकाठ

अवांतर नाही, गोड आहे. १८८९ मध्ये सुरू झाली, जुन्या नगरपालिकेपासून स्टेशनपर्यंत, चार घोडे. तिचे सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आधी जीआयपीत होते, पुढे बार्शी लाईट रेल्वे त्यांचीच. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत ट्राम बंद पडली. घोड्याला बॉयलर नसल्याने आपल्या धाग्यात तिला एवढीच जागा.

निफाडकर

बॉयलरचं नाव काढलंत म्हणून लॉगिन झालो. साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो.

ज्याने बॉयलर चालवला नाही त्याला त्याची भीती कळत नाही. पाण्याची पातळी काचेत दिसते तिच्यावर डोळा. पाणी खाली गेलं, नळ्या लाल झाल्या, आणि घाबरून कुणी थंड पाणी सोडलं, तर छप्पर शोधायला पुढच्या गावात जावं लागतं. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणून पाणी कमी पडलं की वितळणारा फ्युजिबल प्लग, म्हणून दरवर्षी बॉयलर थंड करून, उघडून साहेबांना दाखवायचा. हायड्रॉलिक टेस्ट असेल तर आत पाणी भरून दाब देतात, कारण पाणी फुटलं तर गळतं, वाफ फुटली तर मारते.

इतिहास आमच्या परीक्षेला होता. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, १८६४ मध्ये बंगालने कायदा केला, तोही फक्त कलकत्ता शहर आणि उपनगरांपुरता. मग प्रत्येक प्रांताने आपापला. १९२० पर्यंत सात वेगवेगळे कायदे झाले आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्यात नापास. कारखानदार वैतागले, समिती बसली, आणि १९२३ चा कायदा १ जानेवारी १९२४ पासून देशभर लागू झाला. आमची सर्टिफिकेटं त्याच कायद्याखालची. आता २०२५ चा नवा आलाय.

माझं निरीक्षण सांगू? बॉयलरचा कायदा कारखाने कायद्याच्या सतरा वर्षं आधी आला. कारण बॉयलर फुटला की मालकाचा कारखानाही जातो, शेजारच्या साहेबाची काचही फुटते. पट्ट्यात हात गेला तर फक्त हातवाल्याचा जातो.

कायदेकानू

निफाडकर दादा, शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं.

त्यात भर: १९२३ च्या कायद्याचं कलम ३ बघा. रेल्वेच्या ताब्यातल्या बॉयलरांना हा कायदा लागू नाही असं सरकार जाहीर करू शकत होतं. म्हणजे रेल्वेचा बॉयलर रेल्वेच तपासणार.

आणि दुसरं, घाटवाला काकांच्या जिव्हाळ्याचं. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कारखाना म्हणजे काय याची व्याख्या होती. त्यातून खाण वगळली, सैन्याचं फिरतं युनिट वगळलं, हॉटेल वगळलं, आणि "रेल्वे रनिंग शेड", म्हणजे इंजिनं ठेवायची-दुरुस्त करायची शेड, वगळली. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही तेच शब्द. इंग्रज गेले, कलमातली खिडकी उघडीच राहिली.

घाटवाला

शेडमध्ये काय काय उचललं-पाडलं जातं ते मी पाहिलंय. वर्कशॉपला फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, शेडला नाही. दोन्हीकडे क्रेन तीच, जॅक तेच, पिट तेच.

खानदेशी

मूळ जळगावचा, सध्या इंदिरानगर. तुम्ही सगळे मुंबईच्या गिरण्यांत अडकलात. आमच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं, कुणी बोलत नाही.

१८८१ चा कायदा कुणाला लागू होता? शंभर किंवा जास्त कामगार, यंत्रशक्ती, आणि वर्षात किमान चार महिने चालणारा कारखाना. आता जिनचा हंगाम आठवा. कापूस दिवाळीच्या पुढेमागे यायला लागतो आणि होळीनंतर आटतो. कामगार शंभराच्या आत, नाहीतर हंगाम चार महिन्यांच्या आत, दोहोंपैकी एका फटीतून बरेच जिन निसटायचे. आणि जिनमध्ये राबतं कोण, तर बायका. शाफ्ट जमिनीलगत फिरतोय, पट्टे उघडे, हवेत रुईचा धुरळा, लुगड्याचा पदर. अंधार पडला की कंदील, तोही रुईच्या गंजीशेजारी. काय होत असेल ते लिहायला नको.

१८९१ मध्ये मर्यादा पन्नासवर आणली, प्रांतिक सरकारला वाटलं तर वीसपर्यंत खाली नेण्याची मुभा दिली, बायकांना अकरा तास ठरवले. १८८१ ला मुलांचं वय सात होतं, सात! सात ते बारा वर्षांच्या पोराला नऊ तास. १८९१ मध्ये ते नऊ वर्षं झालं आणि तास सात. पुरुषाच्या तासांना हात लावायला १९११ उजाडलं, तेही बारा तास, कापड गिरण्यांपुरते.

आणि तपासणार कोण? स्वतंत्र निरीक्षक नेमला नसेल तर जिल्हा मॅजिस्ट्रेट. म्हणजे कलेक्टर. तो दुष्काळ बघेल, सारा बघेल, प्लेग बघेल, की जिनच्या पट्ट्याला कुंपण आहे का ते बघेल? निरीक्षक होता हे खरं. पण तो घोड्यावरून जिनसमोरून गेला तर तपासणी झाली समजायची.

जुनं_ते_सोनं

हे जिनचं मला ठाऊक नव्हतं. पण न्यायाने एक बाजू तुम्हीही लिहा: कायद्याला विरोध कुणाचा होता? आपल्याच गिरणीमालकांचा आणि पुढाऱ्यांचा.

सिन्नरकर

काकांचा हा मुद्दा खणखणीत आहे, टाळू नका.

१८७५ मध्ये मुंबईत पहिली फॅक्टरी कमिशन बसली त्यामागे मँचेस्टरवाल्यांचा रेटा होता. मुंबईचं सूत स्वस्त पडतं म्हणून त्यांच्या पोटात दुखत होतं. ही सुरक्षेची कळकळ खोटी आहे असं म्हणत आपल्याकडच्या बहुतेक पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी कायद्याला विरोध केला. आगरकरांच्या प्रभावातलं 'मराठा' हा अपवाद. सोराबजी शापूरजी बंगाली हे स्वतः व्यापारी वर्तुळातले, त्यांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा पुढे आणला, तर त्यांनाच शिव्या पडल्या. कामगारांच्या बाजूने उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम करताना जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत पगार. शेवटचं कलम कायद्यात उतरलं १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने. चाळीस वर्षं.

तोवर घरच्यांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दावा लावायची मुभा होती. इगतपुरीच्या गँगमनच्या विधवेने जीआयपीवर दिवाणी दावा लावायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

गोदाकाठ

सिन्नरकर, मान्य. मँचेस्टरचा हेतू स्वार्थी आणि इथल्या मालकांचा विरोधही स्वार्थी, अधेमधे कामगार. रेल्वेच्या बाबतीत गंमत अशी की तिथे मालकही विलायती, तपासणाराही विलायती, त्यामुळे राष्ट्रवादी मंडळींना कामगाराची बाजू घ्यायला अडचण नव्हती. १८९९ च्या जीआयपी सिग्नलर संपाला टिळकांनी 'केसरी'तून जोरदार पाठिंबा दिला. मालक कोण आहे त्यावर कळवळा ठरला.

प्रेसशॉप

धाग्याची सुरुवात ज्या बातमीने झाली त्याच धंद्यातला मी. सेफ्टी बघतो, कंपनी विचारू नका.

१९४८ च्या कायद्याचं कलम २१ वाचलं की अंगावर काटा येतो, इतकं ते स्पष्ट होतं. यंत्र चालू असेपर्यंत गार्ड जागेवर असलाच पाहिजे. कलम २२ तर पाहा: चालत्या यंत्राला हात लावायचाच असेल तर खास शिकलेला प्रौढ माणूस, अंगाला घट्ट बसणारे कपडे, आणि त्याचं नाव रजिस्टरला. खानदेशींनी पदराचं लिहिलंय ना, ते घट्ट कपडे तिथूनच आले असणार.

आता शॉपमध्ये काय होतं ते ऐका. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही दाबली तरच रॅम (वरचा ठोकळा) खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये (खालच्या साच्यात) असूच शकत नाही. मग टार्गेट वाढतं. कुणीतरी एक बटण नाण्याने, नाहीतर टेपने कायमचं दाबून ठेवतं. एका हाताने पत्रा सरकवायचा, एकाने बटण. नगाला दोन सेकंद वाचतात. सुपरवायझरला दिसतं, तो दुसरीकडे बघतो. पहिले सहा महिने काही होत नाही, आणि हाच सगळ्यात मोठा घोटाळा आहे, कारण काही झालं नाही म्हणून सगळ्यांना ते बरोबर वाटायला लागतं. लाइट कर्टन (हात आत गेला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बसवला तर त्याचीही किल्ली कुणाच्या तरी खिशात.

आणि साहेब तपासणीला येणार त्या दिवशी सकाळी टेप निघालेला असतो. कसा? तुम्हीच ओळखा.

मिसळप्रेमी

ओळखलं.

प्रेसशॉप

म्हणून घाटवाला काकांचं सीआरएसचं वाचून हेवा वाटला. कायदेकानू ताई, रेल्वेसारखा आमचा निरीक्षक दुसऱ्या खात्यात टाकता येईल का? उद्योग वाढवणारं सरकार आणि उद्योग तपासणारं सरकार एकच असेल तर १९०५ चं रेल्वे बोर्डच झालं की.

कायदेकानू

कारखाना निरीक्षक आजही कामगार खात्याखाली आहे, उद्योग खात्याखाली नाही, त्यामुळे तंतोतंत तसं म्हणता येणार नाही. पण दबावाचा मुद्दा बरोबर आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार आहे, तपासणीबद्दलचा. भारताने तो १९४९ मध्ये स्वीकारला. त्यात निरीक्षकाची नोकरी सरकार बदललं तरी आणि बाहेरून दबाव आला तरी सुरक्षित असावी असं आहे. आणि कलम १२: निरीक्षकाला कामाच्या जागी दिवसा-रात्री केव्हाही, पूर्वसूचना न देता शिरता आलं पाहिजे. २०२० च्या संहितेत पदाचं नाव "निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता" झालंय आणि कुठे तपासणी करायची ते संगणकाने चिठ्ठी टाकून ठरवायची सोय आहे. यातून मालकाला आधी खबर देणारा सकाळचा फोन बंद होईल असं म्हणणारेही आहेत. मला विचाराल तर चिठ्ठी कुणाची निघाली हे मालकाआधी कुणाकुणाला कळतं यावर सगळं अवलंबून आहे.

जुनं_ते_सोनं

माझं मत सगळं बदललेलं नाही. १८९० चा कायदा उत्तम लिहिलेला होता हे इथल्या वकीलबाईंनीच मान्य केलंय. पण ग्रुपवर मी टाकलेलं वाक्य जरा सैल होतं असं म्हणेन. (हो, तो ज्येष्ठ मीच.)

गोदाकाठ

काका!! 😄 मला वाटलंच होतं, पण विचारायचं धाडस नव्हतं.

पंचवटीकर

घाटवाला काका, अपघात झाला की सीआरएसची चौकशी बंद दाराआड असते का? सामान्य माणसाला काही सांगायचं असेल तर?

घाटवाला

नाही, उघड बोलावतात. वर्तमानपत्रात सूचना येते: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी चौकशी, ज्याला माहिती असेल त्याने येऊन सांगावं. येता येत नसेल तर लेखी पाठवता येतं. प्रवासी, गावातला शेतकरी, फाटकावरचा चहावाला, कुणीही. बहुतेक वेळा रेल्वेचेच लोक येतात, कारण बाकीच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मी बसलो आहे अशा चौकशीत, साक्षीदार म्हणून. साहेब जुने नकाशे आणि ब्रेकचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून प्रश्न विचारतात, आणि आवाज चढवत नाहीत.

प्रेसशॉप

आमच्याकडे असली सूचना मी अजून पाहिलेली नाही. त्या पोराच्या बाजूच्या प्रेसवरचा ऑपरेटर पुष्कळ काही सांगू शकला असता.